वरचं ऊन, खालची भुई आणि आपलं माळवद

(मैंदर्गी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय ‘पृथ्वीची ओळख’ असा ठरला आहे. शाळेच्या पुस्तकात हा विषय दोन धड्यांत येतो. एका धड्यात सूर्य जमीन कशी तापवतो, वारे का वाहतात, पाऊस कसा येतो हे असतं. दुसऱ्या धड्यात पृथ्वीच्या पोटात काय आहे, खंड कसे सरकतात, भूकंप का होतो हे असतं. दोन धडे, दोन चाचण्या, संपलं. आम्ही तत्त्वज्ञानाचे शिक्षक, भूगोलाचे नव्हे. त्यामुळे दोन धड्यांच्या मधे काय राहून गेलं हे बघायची आम्हाला सवय. त्या मधल्या जागेत आपलं घर उभं आहे. डोक्यावर ऊन, पायाखाली भुई आणि मधे माळवद. या दोन गोष्टी माणसाला कशा कळत गेल्या आणि आपल्या घराला त्यातली एकच का कळली, हा इतिहास आज सांगायचा आहे.

सुरुवात आपल्या दर्शनांपासून करू. कणादांच्या वैशेषिक दर्शनात पाचव्या अध्यायात हालचालीचा, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘कर्मा’चा, विचार आहे. पाणी खाली का पडतं? गुरुत्वामुळे, जडपणामुळे. मग ते वर ढगात कसं जातं? भाष्यकार अर्थ लावतात की सूर्याचे किरण वाऱ्याच्या साथीने पाणी वर नेतात. म्हणजे पावसाची यंत्रणा त्यांनी डोळसपणे मांडली होती. आणि जमीन का हलते? ढकलणं, आघात ही नेहमीची कारणं सांगून झाल्यावर जी विशेष हालचाल उरते, भाष्यकारांच्या मते भूकंप, ती ‘अदृष्टा’मुळे होते असं दर्शन म्हणतं. अदृष्ट म्हणजे न दिसणारं कारण, माणसांच्या धर्म-अधर्माचा साठलेला परिणाम.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराचंही असंच. बृहत्संहितेत पाऊस मोजायची रीत आहे, पावसाची लक्षणं महिनोन् महिने आधी कशी ओळखावी याचे अध्याय आहेत. भूकंपावरही अध्याय आहे. पण त्यात आधी येते ती मतांची यादी. कोणी म्हणतं समुद्रातले प्रचंड प्राणी हलतात, कोणी म्हणतं पृथ्वी पेलणारे हत्ती दमतात, कोणी म्हणतं वारे एकमेकांवर आदळतात, कोणी म्हणतं अदृष्ट.

यात हसण्यासारखं काही नाही. ऊन रोज दिसतं, पाऊस दरवर्षी येतो. एका माणसाच्या आयुष्यात साठ-सत्तर पावसाळे होतात, ताडून पाहता येतं. भूकंप एखाद्या गावाला दहा-वीस पिढ्यांतून एकदा भेटतो, किंवा भेटतही नाही. जे परत परत दिसतं त्याचं कारण सापडतं. जे एकदाच दिसतं त्याची भीती उरते, आणि भीतीला उत्तर म्हणून पाप-पुण्याचा हिशेब येतो.

युरोपातही वेगळं नव्हतं. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने कोसळली. त्या दिवशी सर्व संतांचा सण होता आणि चर्च भरलेली होती. मागोमाग समुद्राच्या लाटा आल्या, आग लागली. आहे ते जग हेच शक्य जगांपैकी उत्तम, असं लायब्निझ नावाच्या तत्त्वज्ञाने मांडलं होतं. व्होल्तेअरने त्याची टर उडवली ती या लिस्बननंतर. सगळीकडे प्रश्न एकच होता: सणाच्या दिवशी, प्रार्थनेच्या वेळी, हे का?

त्या वेळी क्योनिग्सबर्गमध्ये एकतीस वर्षांचा एक मास्तर होता. त्याचं नाव इमॅन्युएल कांट. पुढे ज्याला समजून घेण्यात आमच्यासारख्यांची आयुष्यं गेली, तोच हा. १७५६ च्या पहिल्या काही महिन्यांत त्याने भूकंपावर तीन निबंध लिहिले, आणि त्याच वर्षी वाऱ्यांवर एक निबंध लिहिला, त्यात मोसमी वाऱ्यांचाही विचार आहे. भूकंपाचं त्याने दिलेलं कारण आज टिकत नाही. जमिनीखालच्या पोकळ गुहांत तापलेले वायू भडकतात असं तो समजत होता. पण त्याच्या दोन गोष्टी टिकल्या. पहिली, भूकंप ही शिक्षा समजू नका, कारण जमिनीतच शोधा. दुसरी आपल्या कामाची आहे. निसर्गाने आपल्याशी जुळवून घ्यावं ही माणसाची अपेक्षा उलटी आहे, जुळवून माणसाने घ्यायचं, असं त्याचं म्हणणं होतं. पेरू देशातले लोक भिंती थोड्याच उंच बांधतात आणि वरचं घर हलक्या बोरूचं करतात, हे उदाहरण त्याने दिलं. तत्त्वज्ञ घराच्या छपरापर्यंत आला, हे ध्यानात ठेवा. आपल्यालाही तिथेच जायचं आहे.

आता या दोन उष्णतांचा हिशेब करू. सूर्याकडून येणारी जी उष्णता पृथ्वी शोषून घेते ती, सगळ्या पृथ्वीची आणि रात्रंदिवसाची सरासरी काढली तर, दर चौरस मीटरला साधारण २४० वॅट. आणि पृथ्वीच्या पोटातून वर येते ती दर चौरस मीटरला एक दशांश वॅटहूनही कमी. म्हणजे वरची उष्णता खालचीपेक्षा अडीच हजार पटींहून जास्त. म्हणूनच ऊन आपल्याला कळतं आणि भुईची ऊब कळत नाही. पण ती थोडी उष्णता फार मोठ्या खोलीवरून, फार मोठ्या काळात काम करते. काही उष्णता पृथ्वी बनली तेव्हाची उरलेली, काही युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गातून निघणारी. तिच्यामुळे खोलवरचा घट्ट खडकसुद्धा कोट्यवधी वर्षांत पिठल्यासारखा हळूहळू वर-खाली फिरतो, आणि त्यावरची कवचाची मोठी तुकडी, जिला आपण भूपट्ट म्हणतो, ती सरकते. वेग किती? आपला भारतीय पट्ट वर्षाला चार-पाच सेंटिमीटर. बोटाची नखं वाढतात साधारण त्या वेगाने.

हे कोणी शोधलं आणि आपल्या भुईचा त्यात काय वाटा, ते बघू. विहीर खणताना इथे काय लागतं ते तुम्ही आम्हाला सांगाल: वर काळी रानं, मग मुरूम, मग काळा पाषाण. तो पाषाण म्हणजे लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो थरावर थर असा पसरला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन झाकली आहे. पश्चिमेला सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, पूर्वेकडे तो पातळ होत जातो. इथून सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या किल्लारीला पुढे खोल भोक पाडून पाहिलं तेव्हा हा काळा थर ३४० मीटरच्या आसपास निघाला, खाली अतिप्राचीन ग्रॅनाइटचा खडक. दुसऱ्या बाजूला, जवळपास तेवढ्याच अंतरावर, वाडी-शहाबादला काळा थर संपतो आणि त्याहून कितीतरी जुना चुनखडक उघडा पडतो. आपल्या घरातली शहाबादी फरशी ती हीच. म्हणजे भिंतीत लाव्हा आणि जमिनीवर त्याच्याही आधीचा समुद्रतळ, असं आपलं घर आहे.

हे खडक वाचायला सुरुवात करणाऱ्यांत दोन इंग्रज भाऊ होते, थोरला विल्यम ब्लॅनफर्ड आणि धाकटा हेन्री ब्लॅनफर्ड. १८५५ साली दोघे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले आणि ओडिशातल्या तालचेरच्या कोळसाभूमीवर गेले. तिथे त्यांना मऊ गाळात रुतलेले मोठमोठे गोटे सापडले. असे गोटे वाहतं पाणी एकत्र टाकत नाही, बर्फ टाकतो. १८५६ मध्ये त्यांनी लिहिलं की हे बर्फाचं काम दिसतं. ओडिशात, उष्ण कटिबंधात, बर्फ! तेव्हा यावर विश्वास बसणं कठीण होतं.

पुढे या भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. विल्यम भुईकडे राहिला. दख्खनच्या काळ्या पाषाणावर त्याने लिहिलं आणि १८७९ मध्ये मेडलिकॉट यांच्याबरोबर भारताच्या भूविज्ञानाचा मोठा ग्रंथ काढला. हेन्री आभाळाकडे वळला आणि १८७५ मध्ये हिंदुस्थानच्या नव्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला. त्याच्याकडे आपण परत येऊ.

तालचेरच्या बर्फाचं कोडं सुटायला अर्धशतक गेलं. १९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलं की खंड एके काळी जोडलेले होते आणि मग दूर सरकले. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका एकत्र आणि दक्षिण ध्रुवाजवळ ठेवले, की सगळीकडचे बर्फाचे जुने माग एका ठिकाणी जुळतात. तालचेर उष्ण जागी नव्हतंच, ते ध्रुवाजवळ होतं. गंमत अशी की वेगेनर व्यवसायाने हवामानशास्त्रज्ञ. आभाळ बघणाऱ्याने भुई चालवून दाखवली. पण बहुतेक भूवैज्ञानिकांनी ते मानलं नाही, कारण खंड हलवणारी शक्ती कोणती हे त्याला नीट सांगता आलं नाही. वर्गात हे उदाहरण आम्ही कायम देत असू. घडलं याचा पुरावा असणं एक, आणि कसं घडलं हे कळणं दुसरं. दुसरं मिळालं नाही म्हणून पहिलं फेकून द्यायचं नसतं.

ती शक्ती पोटातल्या उष्णतेची असावी, असं आर्थर होम्स यांनी १९३० च्या आसपास सुचवलं. आणि मग साक्ष दिली ती आपल्या काळ्या पाषाणाने. लाव्हा थंड होताना त्यातले लोहाचे कण त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाप्रमाणे लागतात आणि तसेच गोठतात. चुंबकसुई विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवाकडे जाल तशी कलते. तेव्हा दगडातल्या चुंबकत्वाचा कल मोजला की तो कोणत्या अक्षांशावर थंड झाला ते कळतं. १९५० च्या दशकात लंडनमधल्या ब्लॅकेट यांच्या गटाने आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी दख्खनचे दगड मोजले. उत्तर आलं, हे दगड विषुववृत्ताच्या बरेच दक्षिणेला थंड झाले आहेत. गावच्या वेशीचा, पाराचा, चावडीचा दगड खंड सरकल्याचा साक्षीदार निघाला. १९६० च्या दशकात समुद्रतळाचेही पुरावे आले आणि १९६७-६८ मध्ये भूपट्टांचा सिद्धांत आकाराला आला.

आता वरच्या उष्णतेकडे. मैंदर्गी साडेसतरा अंश उत्तरेला. म्हणून वर्षात दोनदा, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मुलांना तो शून्य सावलीचा दिवस जरूर दाखवा. सूर्य दोन्ही वेळा तेवढाच सरळ, तरी होरपळ मेमध्ये, कारण ऑगस्टमध्ये वर ढग असतात. आणि जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो. या फरकातून मोसमी वारे येतात, हे एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये नकाशा काढून मांडलं. धूमकेतूवाले तेच हॅली. पृथ्वीच्या फिरण्याने वारे वळतात हे नंतर जोडलं गेलं. कांटच्या निबंधाचा भर त्यावरच आहे.

पण तेवढ्याने आपला पाऊस समजत नाही. तापलेली जमीन वारा ओढते एवढंच खरं असतं, तर ज्या वर्षी जमीन जास्त तापते त्या वर्षी पाऊस जास्त पडायला हवा. दुष्काळाच्या वर्षी उलट दिसतं: जमीन तापलेली आणि पाऊस नाही. सुलोचना गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हे ठासून मांडलं, आणि मोसमी पाऊस म्हणजे विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा उन्हाळ्यात उत्तरेला सरकणं, असं समजावलं.

आणि इथे दोन धडे एकमेकांना भेटतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आपल्या सोलापुरात पाच-सहाशे. का? सह्याद्री मधे आहे. वारे चढताना रिकामे होतात आणि आपल्या वाट्याला कोरडे येतात. पण सह्याद्रीची ती भिंत आली कुठून? लाव्हा पसरल्यानंतर थोड्याच काळाने, भूविज्ञानाच्या मापाने थोड्या, पश्चिमेचा तुकडा तुटून सेशेल्स बेटांबरोबर दूर गेला आणि आपला किनारा कड्यासारखा उरला. तसंच हिमालय. भारत आशियाला धडकला साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी, त्यातून तो उठला. उत्तरेची थंड, कोरडी हवा तो अडवतो म्हणून मोसमी पाऊस एवढा जोरकस. म्हणजे आपली अवर्षणाची पट्टी ही आभाळाची लहर नाही. ती भुईच्या सरकण्याने आखली आहे.

या पट्टीने भोगलंही तसंच. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनचे जे जिल्हे सर्वांत होरपळले त्यांत सोलापूर होतं. त्या दुष्काळानंतर सरकारने हवामान खात्याला विचारलं, पुढचं आधी सांगता येईल का? प्रमुख होता तो धाकटा ब्लॅनफर्ड. हिमालयात बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत पडला तर पाऊस दगा देतो, असा संबंध त्याने १८८४ मध्ये मांडला, आणि त्यावरून अंदाज सुरू झाले. १८९९ मध्ये अंदाज चांगल्या पावसाचा आला आणि झाला भीषण दुष्काळ. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे गणिती प्रमुख झाले. त्यांनी जगभरचे आकडे जमवून दाखवलं की प्रशांत महासागराच्या एका टोकाला हवेचा दाब वाढला की दुसऱ्या टोकाला कमी होतो, आणि आपल्या पावसाचा त्याच्याशी संबंध आहे. आज एल निन्यो हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आहे, त्याची मुळं तिथे आहेत. आठवणीत असलेला १९७२ चा दुष्काळही एल निन्योच्या वर्षातला.

शास्त्रज्ञ हे शोधत होते तेव्हा आपला शेतकरी बसून नव्हता. मृगावर भिस्त ठेवायची नाही, सप्टेंबरचा पाऊस काळ्या रानात मुरवायचा आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी काढायची, ही आपली रीत. घरात ज्वारीला ‘जोळ’ म्हणा की ज्वारी, शहाणपण एकच. मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेलं वाण आजही पेरलं जातं. १९३३ पासून सोलापूर-विजापूरकडे कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर प्रयोग झाले: बांध घाला, बी कमी टाका, ओळीत अंतर ठेवा. ज्वारी ठेवायला जमिनीत पेव खणायचं, कारण दिवसाचं ऊन जमिनीत वीत-दोन वितींपलीकडे जात नाही, हे आजोबांना ठाऊक होतं.

घरही त्याच शहाणपणाचं. दोन-दोन फुटी दगड-मातीच्या भिंती, आत लाकडाचे खण, तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे माळवद म्हणजे सूर्याला दिलेलं उत्तर आहे. दीड-दोन फूट मातीतून दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत मध्यरात्र होते, आणि पोचतं तेव्हा त्यात जोर उरत नाही. मेमध्ये बाहेर बेचाळीस अंश असताना माळवदाखाली झोप लागते ती यामुळे. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर नवी माती पडायची. आज्याने टाकली, बापाने टाकली, लेकाने टाकली. थर वाढत गेला.

आता त्या थराचं वजन करा. दहा बाय बारा फुटांची खोली, वर दीड फूट माती, म्हणजे सुमारे आठ टन. आठ टन डोक्यावर घेऊन आपण शतकानुशतकं गार झोपलो. चुकलं होतं का काही? सूर्याच्या बाजूने बघितलं तर काहीच नाही. पण घराला दुसरी बाजू आहे हे सांगायला कोणी नव्हतं. भुईने तोंड उघडलं नव्हतं.

तज्ज्ञही तसंच समजत होते. द्वीपकल्पाचा जुना, कडक भाग स्थिर, भूकंप हिमालयाकडे, असा सर्वसाधारण समज. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला धक्का बसला, तीव्रता ६.३, दीडशेहून जास्त माणसं गेली. भूपट्टांचा सिद्धांत जगात आकार घेत होता त्याच महिन्यांत ही घटना घडली. पण तिथे धरण होतं, जलाशयातल्या पाण्याने भूकंपाला चालना दिली असा निष्कर्ष निघाला, आणि धरण नसलेल्या गावांना वाटलं, हे आपलं दुखणं नाही. १९८४ च्या भूकंप-नकाशात लातूर-किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता.

१९९२ मध्ये किल्लारीत लहान धक्के बसले, ऑक्टोबरात एक बऱ्यापैकी जोराचा. पुढचं वर्ष गेलं. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. लोक गणपती बोळवून रात्री उशिरा झोपले. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भुई हलली. तीव्रता सुमारे ६.२. सरकारी आकड्याप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. अशा तीव्रतेचा भूकंप जपानात झाला तर एवढी माणसं जात नाहीत. या सभेत ज्यांचे नातेवाईक, लेकी-सुना त्या बाजूला होत्या त्यांना यातलं काही सांगायची गरज नाही.

लिस्बनला सर्व संतांचा दिवस, किल्लारीला अनंत चतुर्दशी. आणि प्रश्नही तोच आला: कोणाचं पाप? उत्तर भुईत आहे. भारताचा पट्ट अजूनही उत्तरेला रेटतो आहे. समोर आशिया अडवून उभा. तो दाब हिमालयात सगळा संपत नाही, हजार किलोमीटरहून दूर, पट्टाच्या पोटातही साठतो. काळ्या पाषाणाखालच्या प्राचीन खडकात जुन्या कमकुवत भेगा आहेत. एखादी भेग कधीतरी सहन करत नाही आणि सरकते. किल्लारीची भेग उथळ होती, म्हणून वर हादरा फार. कोणत्या भेगेची कोणत्या दिवशी पाळी, हे जगात आज कोणालाही सांगता येत नाही. जो तारीख-वेळ सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

पण भेगेने माणसं मारली नाहीत, घराने मारली. कसं ते समजून घ्या. एसटीने एकदम गचका दिला की आपले पाय गाडीबरोबर जातात आणि डोकं मागे राहतं. डोक्यावर पाटी असेल तर तोल अजून जातो. माळवद म्हणजे घराच्या डोक्यावरची आठ टनांची पाटी. आणि खालची भिंत दिसते एक, पण असतात दोन: बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे चिपा-मातीची भर. दोन्ही थरांना बांधणारा, आरपार जाणारा दगड बहुधा नसतो. हादरा बसला की थर फुगून सुटतात, भिंत बसते आणि वरची माती खाली येते. किल्लारी भागात पाहणी करणाऱ्यांना अनेक ठिकाणी एक गोष्ट दिसली: भिंती पडल्या आणि लाकडाचे खण उभे राहिले. जे हलकं होतं, सांध्यांनी एकमेकांना धरून होतं, ते टिकलं. कांटने दिलेल्या बोरूच्या घरांच्या उदाहरणात हेच होतं.

पुढे काय झालं? पडलेली गावं नव्या जागी वसली. २००२ च्या नकाशात तो पहिला विभागच रद्द झाला, किल्लारीचा भाग तिसऱ्या विभागात गेला, सोलापूरही तिसऱ्याच विभागात दाखवलं गेलं. दगड-मातीच्या घरांसाठी भारतीय मानक ब्यूरोच्या मार्गदर्शिका १९९३ मध्येच आल्या. आणि लोकांनी स्वतः एक केलं: माळवद काढून पत्रा टाकला. भीतीपोटी का होईना, भुईला उत्तर दिलं. पण आता त्या पत्र्याखाली मेमध्ये म्हातारी माणसं आणि पाळण्यातली पोरं भाजतात. सूर्याला दिलेलं उत्तर आपण मोडून टाकलं. आधी घर भुईला विसरलं होतं, आता उन्हाला विसरतं आहे.

आमचं आजचं सांगणं एवढंच आहे, की दोन्ही उत्तरं एका घरात बसू शकतात, आणि त्याला फार पैसा लागत नाही. जिथे माळवद आहे तिथे पिढ्यान् पिढ्यांची साठलेली माती उतरवा. गळती थांबवायला मातीशिवाय इतर उपाय आहेत. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरक्या लाकडी पट्ट्या मारून खण घट्ट करा. नवी दगडी भिंत घालणाऱ्या गवंड्याला सांगा, उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर आरपार दगड हवा. दार-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा सलग पट्टा हवा, कोपऱ्यात न तुटणारा. माती वापरली तरी हा पट्टा भिंती एकत्र ठेवतो. पत्रा असेल तर वरून चुन्याचा पांढरा हात द्या, आणि खाली हलकं आढं करून मधे हवा खेळू द्या. पांढरा रंग ऊन परतवतो, आणि त्याला वजन नाही.

कणादांच्या दर्शनात पाऊस दृष्ट होता आणि भूकंप अदृष्ट. आज भूकंप अदृष्ट राहिलेला नाही. दगडातलं चुंबकत्व मोजून, समुद्राचा तळ पाहून, किल्लारीच्या भोकातून काढलेला खडक तपासून तो दिसू लागला आहे. पण विज्ञानाला दिसलं म्हणजे गावाला दिसलं असं होत नाही. किल्लारीनंतर जन्मलेली मुलं आज स्वतःची घरं बांधताहेत. त्यांनी तो हादरा पाहिलेला नाही, त्यांच्या मुलांनी तर ऐकलेलाही नसेल. ऊन स्वतःची आठवण दरवर्षी करून देतं. भुई करून देत नाही. तिची आठवण माणसांनी माणसांना द्यायची असते. इतिहास सांगायचा तो त्यासाठी.

आता प्रश्न विचारा. आणि आज सभेला गवंडीकाम करणारी जी मंडळी आली आहेत त्यांनी पुढे यावं. आरपार दगड भिंतीत कसा बसवतात हे आमच्यापेक्षा त्यांच्याकडून ऐकलेलं बरं.